पेट्रोल कॉकचा सैल नॉब

हिनकलला पोस्टिंगच्या निमित्ताने राहायला आलं की जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचा आवाज कानावर पडतोच. हुणसूर रोडवरचं हे गाव आता म्हैसूर शहरातच मिसळून गेलंय, आणि इथून काही किलोमीटरवर यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. 1961 च्या सुमारास तिथून जावा निघू लागली, पुढे तीच येझदी झाली, आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. पुण्या-कोल्हापूरकडे ज्यांच्या वडिलांनी येझदीवर संसार ओढला, त्यांची गाडी इथलीच. त्यातल्या बऱ्याच गाड्या या भागात अजून रोजच्या वापरात आहेत. गिअर बदलायचा दांडा हीच किक, दोन सायलेन्सर, सगळं तसंच.

आणि अशा कितीतरी गाड्यांचा पेट्रोल कॉकचा नॉब सैल असतो. कोणी तार गुंडाळलेली असते, कोणी फेव्हिक्विक लावलेलं असतं, कोणी नॉब पडला म्हणून डिकीत पक्कड ठेवलेली असते. विचारलं तर इथे उत्तर मिळतं, 'परवागिल्ला'. आपल्याकडे 'चालतंय की' म्हणतात, तेच.

माझं म्हणणं असं की हे चालत नाही. आणि ते दुरुस्त करणं हे मेकॅनिकचं नाही, गाडी चालवणाऱ्याचं काम आहे.

आधी पहिलं. फोर-स्ट्रोक गाडीत कॉक अर्धवट बंद झाला तर गाडी खोकते, बंद पडते, तुम्ही बाजूला घेता. इंजिनाचं ऑइल खाली वेगळं असतं, ते आपलं काम करत राहतं. जावा-येझदीत तसं नाही. तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. हादऱ्याने सैल नॉब बंदच्या दिशेला सरकला, तर पेट्रोल कमी होतं आणि त्याच वेळी पिस्टनला मिळणारं ऑइलही कमी होतं. इंधन कमी, हवा जास्त, म्हणून उष्णता वाढते. हुणसूरच्या सरळ रस्त्यावर भरधाव जाताना असं झालं तर पिस्टन सिलेंडरमध्ये धरतो आणि मागचं चाक लॉक होतं. क्लच दाबायला किती वेळ मिळतो हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. काही शे रुपयांच्या कॉकसाठी हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

उलट बाजूही आहे. नॉब नीट बंद होत नसेल आणि कार्ब्युरेटरची सुईही झिजलेली असेल, तर रात्रभर पेट्रोल झिरपून इंजिनाच्या पोटात जमा होतं. सकाळी किक मारून पाय दुखतो आणि दोष प्लगला दिला जातो.

तिसरी गोष्ट रिझर्व्हची. टाकीच्या आत कॉकला दोन वाटा असतात: एक उंच नळीतून, दुसरी तळाजवळून. 'ऑन'वर पेट्रोल उंच नळीतून येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी अडते आणि तुम्ही रिझर्व्हवर टाकता. नॉब आपसूक रिझर्व्हकडे सरकला असेल, तर ही सूचना मिळतच नाही. टाकी थेट कोरडी होते, तीही कोडगूच्या घाटात.

आता काम कोणाचं. फौजेत ड्रायव्हर गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड करतो, थांब्यावर हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. गळती, सैल नट, टायर, हे त्याने स्वतः बघायचं. ईएमईचा कारागीर त्याच्या नंतर येतो. याचा अर्थ ड्रायव्हरने इंजिन खोलायचं असा नाही. कुठपर्यंत हात घालायचा याची रेषा तिथे ठरलेली असते. सिव्हिलमध्ये ती रेषा आपण पार पेट्रोल भरण्यापर्यंत मागे आणली आहे. पेट्रोलशी खेळ नको, ही भीती रास्त आहे. पण ती भीती असलेला माणूस रोज गळक्या कॉकवर मांडी टाकून ऑफिसला जातो, त्याचं काय?

काम तासाभराचं आहे. गाडी थंड, उघड्यावर, आसपास बिडी-सिगारेट नाही. टाकी कॅनमध्ये रिकामी करायची. रचना गाडीगणिक बदलते, पण अनेक गाड्यांत कॉकच्या तोंडावर दोन छोटे स्क्रू, त्यामागे पत्र्याची चकती, मग लाटेसारखा वाकलेला वॉशर, मग नॉब, आणि सगळ्यात आत छिद्रांची रबरी चकती असते. नॉबला घट्टपणा तो वाकडा वॉशर देतो. तो चपटा झाला की नॉब लोळतो. वॉशर आणि रबर दोन्ही नवे टाकावेत. स्क्रूड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या, ही डोकी मऊ असतात. स्क्रू आवळताना जोर दाखवू नका; रबर दबलं की नॉब फिरत नाही, मग माणूस पक्कड लावतो आणि नॉब तुटतो. जिथे नॉब दांड्यावर बसवलेला असतो आणि आतलं चौकोनी भोक गोल झालेलं असतं, तिथे चिकटवाचिकटवी न करता कॉकच बदलावा. फेव्हिक्विक पाझरून दांड्यापर्यंत गेलं तर कॉक कायमचा जाम. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना कॉकच नाही, म्हणून पोरं हा विषय म्हाताऱ्यांचा समजतात. त्यांच्या टाकीत पंप असतो आणि तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. काटा तळाला लावून फिरणं तिथेही महागात पडतं.

जुनी येझदी विकत घेणार असाल तर मालकाला एक रात्र गाडी कॉक बंद करून उभी ठेवायला सांगा, खाली कोरा पुठ्ठा टाकून. सकाळी आधी पुठ्ठा बघा, मग भावाचं बोला.