कडक गोळी आणि करंगळीएवढी वाट

मकरसंक्रांतीला वाराणसीत ‘खिचडी’ म्हणतात. त्या दिवसांत घाटांकडे जाणाऱ्या गल्ल्यांत लाई, रेवडी आणि गट्ट्याचे ढीग लागतात. देवळांभोवतीच्या दुकानांत वर्षभर मिळणारा इलायचीदाणा असतोच. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुळांची संक्रांत तिळगुळाची. मराठी घरांत याच सुमारास, रथसप्तमीपर्यंत, पाच वर्षांखालील मुलांचे बोरन्हाण होते. बाळाच्या गळ्यात हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओततात. अलीकडे त्यांत गोळ्या-चॉकलेटेही आली आहेत. मग जमलेली मुले हसत, धावत ते वेचतात आणि वेचता वेचताच तोंडात टाकतात.

या आनंदाविरुद्ध विज्ञानाची काही तक्रार नाही. विज्ञानाचा आक्षेप आहे तो त्या ओंजळीतील काही वस्तूंच्या आकाराला आणि कठीणपणाला.

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी रुंद असते, असा वैद्यकातील एक ढोबळ अंदाज आहे. नळी जितकी अरुंद, तितका लहानसा अडथळाही महाग पडतो. संथ प्रवाहाच्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहाला होणारा विरोध १६ पट होतो. त्यात भर म्हणजे मागच्या दुधाच्या दाढा पूर्ण येईपर्यंत मूल अडीच-तीन वर्षांचे होते. चावणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसायला त्याहूनही वेळ लागतो. खोकून वस्तू बाहेर फेकण्याचे बळही मोठ्यांइतके नसते.

कडक गोळी या सर्व उणिवांवर नेमके बोट ठेवते. ती गोल असते, लाळेने निसरडी होते आणि दाबली तरी आकार बदलत नाही. ‘साखरच ती, विरघळून जाईल’ हा दिलासा खोटा आहे. गोळी विरघळायला कित्येक मिनिटे लागतात. प्राणवायूवाचून मेंदूला इजा होण्यास चार ते सहा मिनिटे पुरतात.

सगळेच गोड पदार्थ सारखे धोकादायक नाहीत. बत्तासा सच्छिद्र असतो, तोंडात चटकन मोडतो. खडीसाखर तशी मोडत नाही. हलव्याचा बारीक दाणा मोठी वाट सहसा पूर्ण बंद करणार नाही, पण फुप्फुसाच्या शाखेत उतरू शकतो. साखरफुटाणा आणि शेंगदाणा यांची गोष्ट आणखी वेगळी. वरची साखर विरघळते, पण आतला चणा ओलाव्याने फुगतो. शेंगदाण्याच्या तेलाने श्वासमार्गाला सूज येते. भारतीय रुग्णालयांच्या अनुभवात मुलांच्या श्वासमार्गातून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाण्याचा क्रमांक बराच वरचा आहे. म्हणूनच ठसका थांबला तरी नंतर खोकला किंवा घरघर राहिली, तर डॉक्टरांना ठसक्याची हकीकत आवर्जून सांगावी. क्ष-किरण चित्रात असा दाणा दिसेलच असे नाही.

अमेरिकेत २००१ ते २००९ या काळात अन्न अडकल्यामुळे १४ वर्षांपर्यंतची सरासरी सुमारे १२,४०० मुले दरवर्षी तातडीच्या विभागात आणली गेली. त्यांतील १५.५ टक्के प्रसंगांत कारण कडक गोळी होती. कोणत्याही एका पदार्थाचा हा सर्वांत मोठा वाटा. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना चार वर्षांखालील मुलांना कडक गोळी देऊ नये असे सांगते. २०१० मध्ये तिने अशा पदार्थांवर इशारा छापण्याची मागणीही केली.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना सुरक्षा मानके बंधनकारक आहेत. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत मावला, तर ते खेळणे नापास होते. जी वस्तू तोंडात घालायची नाही, तिच्यासाठी हा काटेकोरपणा. त्याच नळीत सहज मावणारी, आणि तोंडात घालण्यासाठीच बनवलेली, गोळी मात्र पाकिटावर वयाचा इशारा सहसा नसतानाच विकली जाते. हा इशारा सक्तीचा व्हायला हवा.

‘आमच्या पिढ्या हेच खाऊन वाढल्या’ हा युक्तिवाद नेहमीचा. तो मांडायला वाढलेलेच उरतात, हे त्यात विसरले जाते. असे अपघात विरळ असतात आणि बहुतेक मुले खोकून सावरतात, हे खरे. पण टाळण्याची किंमत जवळजवळ शून्य आणि न टाळण्याची किंमत एक मूल असेल, तर हिशेब कठीण नाही.

काशीच्या जुन्या गल्ल्यांत हा हिशेब आणखी कडक होतो. जिथे दोन माणसे कशीबशी जातात, तिथे रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही. हिंदू विश्वविद्यालयाचे रुग्णालय शहराच्या दक्षिण टोकाला आहे. पहिली चार मिनिटे घरातल्या माणसांचीच असतात. मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, तर लगेच हाक मारून मदत बोलवावी, ११२ ला फोन करायला लावावा आणि तोवर उपाय सुरू करावा. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली धरून खांद्यांच्या पात्यांमध्ये ५ थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर ५ दाब द्यावेत. मोठ्या मुलाला वाकवून ५ थापा आणि मग बेंबीच्या वर, आत व वरच्या दिशेने ५ दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. मूल बेशुद्ध झाले, तर छातीवर दाब व कृत्रिम श्वास सुरू करावा. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढू नये. ती आणखी आत जाते. हे प्रत्येक शाळेत शिकवले जावे.

बोरन्हाण बंद करण्याची गरज नाही. चुरमुरे ओतावेत, वेचलेला खाऊ मोठ्यांनी ताब्यात घ्यावा, खाणाऱ्याला बसवून द्यावे आणि हलव्याचा दागिना छायाचित्र काढून होताच उतरवावा. संकटमोचनाचा बेसनाचा लाडू किंवा बनारसचा लाल पेढा बोटांनी सहज कुस्करतो. याच शहरात, याच थंडीत, जिभेवर ठेवताच नाहीशी होणारी मलइयो मिळते. ज्या गावाला इतके मऊ गोड करता येते, तिथे दोन वर्षांच्या मुलाच्या हातावर कडक गोळी ठेवण्याला परंपरेचे कारण देता येत नाही.