व्यवसाय: मजुरी

माझ्या मावसभावाच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढंच लिहिलंय. बिडी ओढतो का, दारू पितो का, हे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी विचारलं. कसली मजुरी, हे एकानेही विचारलं नाही. दादा 36 वर्षांचा आहे. एक जिना चढला की कठडा धरून उभा राहतो. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबीचा कोर्स दोनदा झाला.

दादा पुण्यात किचनचे ओटे कापतो. आधी ग्रॅनाइटचे कापायचा, गेली 9 वर्षं बहुतेक क्वार्ट्झचे. शोरूममध्ये ज्याला क्वार्ट्झ म्हणतात तो खाणीतून अख्खा निघालेला दगड नसतो. क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये कालवून, दाबून केलेली ती लादी असते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण 30 टक्के, संगमरवरात अगदी थोडी. या लादीत 90 टक्क्यांच्याही वर असू शकते. कटर फिरला की उडणाऱ्या धुळीतला सगळ्यात घातक भाग डोळ्यांना दिसत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाही. तो फुफ्फुसात खोल जाऊन बसतो, तिथे गाठी होतात, फुफ्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. काम सोडलं तरी तो वाढू शकतो.

पाणी सोडून कापलं तर धूळ बरीच कमी होते. दुकानात कधीकधी पाणी असतंही. पण सिंकचं भोक, शेगडीची खाच, कडांची घिसाई हे पुष्कळदा फ्लॅटमध्येच करावं लागतं. तिथे घरमालकाला नव्या रंगावर चिखल नको असतो, म्हणून कोरडं कापायचं. शेजारी तक्रार करतात, म्हणून दार लावून कापायचं.

आम्ही वडार. आजोबा खाणीत घण मारायचे, आजी खडी फोडायची. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जातींच्या यादीत, कर्नाटकात आमचेच लोक अनुसूचित जातींत. हद्द ओलांडली की यादी बदलते, काम तेच. दादाला कामावर ठेवताना मालकाने जातीचा दाखला मागितला नव्हता. ‘तुम्हा लोकांना दगडाचं कळतं’ एवढंच म्हणाला होता. एमएला असताना मी जात आणि व्यवसाय यावर सेमिनार दिला, चांगले मार्कही मिळाले. त्याच महिन्यात दादा आमच्याकडे येऊन रात्रभर खोकत होता. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. याची लाज वाटते, म्हणूनही हे लिहितेय.

क्षय आणि सिलिकोसिस दोन्ही एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा फुफ्फुसांच्या वरच्या भागात दिसतात. त्यात सिलिकामुळे क्षय होण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे डॉक्टर चकतात याचं मला नवल नाही. पण या चुकीचा फायदा कुणाला होतो? टीबी लिहिलं की दोष दहा बाय दहाच्या खोलीचा, बिडीचा, नशिबाचा. सिलिकोसिस लिहिलं की विचारावं लागतं, धूळ कुणाच्या दुकानातली? भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिसचं नाव आहे. कारखान्यातल्या कामगाराला तो झाला तर सरकारला कळवावं लागतं. आता ‘कारखाना’ म्हणजे काय? 1948 च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी किमान 10 कामगार लागायचे, 2020 च्या संहितेने ते 20 केले. दादाच्या दुकानात 6 माणसं आहेत.

हाच क्वार्ट्झ दळायला मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातले आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडे जायचे. तरणी माणसं परत येऊन मेली. सर्वोच्च न्यायालयातली याचिका 2006 ची. 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या, असा आदेश गुजरात सरकारला मिळाला 2016 मध्ये. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, ओटे कापणाऱ्या 52 रुग्णांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले 51 जण लॅटिनो स्थलांतरित होते आणि 10 जण तोवर वारले होते. तिथे जात नाही, पण धुळीत कुणाला उभं करायचं हे तिथेही ठरलेलंच दिसतं.

ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या लादीवर बंदी घातली. आपल्याकडेही घाला, असं म्हणणं मला सोपं आहे, मला फेलोशिप मिळते. दादा म्हणतो, ‘बंदी आली तर मला काय देणार ते आधी सांग.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी बंदी यावी असंच मला वाटतं, मात्र कापणाऱ्यांच्या पर्यायी रोजगाराची सोय आधी करून. तोवर कोरडं कापणं बंद झालं पाहिजे, आणि छातीच्या तपासणीचा खर्च लादी बनवणाऱ्या कंपनीकडून घेतला पाहिजे. कंपनी ओट्याला वर्षानुवर्षांची वॉरंटी देते, म्हणजे पैसा आहे. राजस्थानच्या 2019 च्या धोरणात प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला 3 लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला 2 लाख मिळतात. पुरेसं नाही, पण निदान आजाराचं नाव तरी घेतलं जातं.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरात केसपेपर वाचता येणारे आपण पहिलेच. दगड, वाळू, काच, भट्टी यांत काम केलेल्या कुणाला टीबीचा दुसरा कोर्स सुरू होत असेल, तर व्यवसायाचा रकाना बघा. काय कापलं, किती वर्षं, ओलं की कोरडं, हे डॉक्टरांना लिहून द्या आणि छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवा म्हणा.

मी दादाचं तसं एक पानभर लिहून नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पूर्ण वाचलं त्यांनी. सीटी स्कॅन लिहून दिला, कागद फाइलीला टाचला. पुढची तारीख मिळालीय. केसपेपर नवा निघाला, त्यावर खिडकीतल्या माणसाने पुन्हा ‘मजुरी’ लिहिलं.