टेबलच तर आहे!

गणपतीत आत्या आली होती. आरती झाली, जेवणं झाली आणि सवयीने ती मागच्या खोलीत डोकावली. इतकी वर्षं आली की ती त्याच खोलीत झोपायची. आता तिथे पलंग नाही, लाकडाचा एक सांगाडा आहे. "अरे, सव्वा वर्ष झालं. गाडी कुठाय?" मी म्हटलं, अजून टेबलाचं काम चाललंय. "टेबलच तर आहे!" असं म्हणून ती बाहेर गेली. दोन दिवसांनी आतेभावाने फोनवर तेच वाक्य ऐकवलं. मग बायकोने. आज या वाक्याचा समाचार घ्यायचाय, घरची मंडळी इथे वाचतात हे ठाऊक असूनही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कल्याणच्या आमच्या घरातल्या दहा बाय अकराच्या खोलीत मी भोर घाटाची रेल्वे उभी करतोय. एच.ओ. मापात, म्हणजे सगळं मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ चढणीला वळायला जागाच नव्हती. गाडी एका फाट्यात शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. १९२९ साली नवा मार्ग झाला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं. ते मला माझ्या खोलीत पुन्हा चालू करायचंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, याच घाटात पी.डब्ल्यू.आय. होते. रूळ, स्लीपर, खडी हा त्यांचा संसार.

तर, टेबल.

२०११ साली मी हा उद्योग एकदा "झटपट" केलेला आहे. जुनं जेवणाचं टेबल, त्यावर एमडीएफची फळी, त्यावर रूळ. ऑगस्टमध्ये बसवले, गौरीच्या दिवशी गाडी धावली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये रूळ नागमोडी! सगळे म्हणाले, उन्हाने रूळ वाढले. साफ चूक. तीन मीटर रूळ आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढून वाढून मिलिमीटरभर वाढतील. पावसाळ्यात ओल पिऊन फुगलेली फळी सुकताना त्याहून जास्त आक्रसते. रूळ तेवढेच राहतात, खालची जमीन आखूड होते, मग ते जातील कुठे? आणि हे सगळं घडलं ते ज्या भिंतीला ओल होती तिच्याशेजारी. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी ती फळी भंगारात टाकायला आलं नव्हतं. (आतेभाऊ, हे तुला.)

म्हणून यावेळी आधी खोली. मागची भिंत बाहेरून दुरुस्त करून घेतली आणि एक अख्खा पावसाळा नुसता हात लावून बघत बसलो की ओल येते का. हे चार महिने लोकांच्या हिशेबात "काहीच केलं नाही" या खात्यात जमा आहेत. मग छताचे सुटलेले पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग. मग दिवे. मग पंखा, कारण दिव्याखाली पंखा फिरला की सगळ्या डोंगरांवर सावल्या नाचतात. हे सगळं आधीच का? एकदा सांगाडा उभा राहिला की खोलीत शिडी उघडायला जागा उरत नाही, आणि छताचा चुना इंजिनावर पडला की इंजिन बसलंच. लाकूड वखारीतून आणलं ते दिवाळीनंतर, आणि महिनाभर त्याच खोलीत आडवं ठेवलं, म्हणजे वाकायचं तेवढं आधीच वाकून घेईल. दोन पट्ट्या वाकल्या. त्या आता माळ्यावर आहेत.

सांगाड्याची पद्धत माझी नाही. 'मॉडेल रेलरोडर' या अमेरिकन मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी ती रूढ केली. दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून इंग्रजी एल अक्षरासारखी तुळई करायची. अशा दोन लांब तुळया उलट्या, पायांवर. पाय अगदी टोकाला नाहीत, लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आत. तुळयांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांना उभे ठोकळे, ठोकळ्यांवर फक्त रुळांच्या रुंदीपुरती कापलेली प्लायवूडची वाट. आणि यातली खरी अक्कल अशी की स्क्रू सगळे खालून! वर डोंगर झाले, झाडं लागली, तरी टेबलाखाली झोपून कुठलीही पट्टी सोडवता येते, सरकवता येते. वरून मारलेला स्क्रू डोंगराखाली गेला की संपलं.

आमच्या सुताराने हे ऐकून विचारलं, "साहेब, आठ बाय चारचा प्लाय सरळ टाकला तर एका दिवसात होईल." होईल ना! पण सपाट फळीवर घाट कसा होणार? दरी रुळांच्या खाली असते. खालीच फळी असेल तर पूल कशावर बांधू? शिवाय चढ. भोर घाटाचा चढ सदतिसात एक. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर निदान आठ सेंटिमीटर चढावं लागतं, म्हणजे सदतीस गुणिले आठ, दोनशे शहाण्णव सेंटिमीटर. माझी जवळजवळ एक अख्खी भिंत. त्या भिंतीवरचा प्रत्येक ठोकळा वेगळ्या उंचीचा, आणि एक जरी चुकला तरी डबे तिथेच उतरणार.

पण खरा राग आमच्याच शौकीन मंडळींवर आहे. एच.ओ.चे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद, ते युरोप-अमेरिकेच्या मापाचे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याच हिशेबाने सव्वाएकोणीस यायला हवा. या पावणेतीन मिलिमीटरवरून मी लोकांना रात्री दीड वाजेपर्यंत भांडताना पाहिलंय. त्यांच्यापैकी एकाच्या घरी गेलो, तर इंजिनं चाळीस हजारांची आणि टेबल पलंगाखालून ओढून काढलेलं, एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. लेव्हल लावली का विचारलं तर म्हणे, डोळ्याला सरळ दिसतंय की.

आता आत्याची दुसरी बाजू. तीही लिहायला हवी, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. अण्णांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय आणि उरलेलाही कमी होतोय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. आत्या "गाडी कुठाय" म्हणते ती गाडीसाठी नाही, भावासाठी. त्यांना दिसतंय तोवर काहीतरी फिरव, एवढंच तिचं म्हणणं. हे मला कळत नाही असं नाही. एका रात्री मी इंजिन खोक्यातून काढून फळीवर ठेवलंही होतं. सकाळी अण्णांना विचारलं, नुसतं सरळ रुळावर चालवून दाखवू का? ते म्हणाले, "खालचं पॅकिंग झालंय?" नाही म्हटलं. "मग कशाला?"

हे उत्तर माझ्या बाजूचं आहे म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. झालो नाही. त्यांना दिसतंय ते किती महिने, हे कोणी सांगत नाही.

परवा ते काठी दाराशी ठेवून आत आले. प्लायवूडच्या वाटेवर तळवा ठेवून भिंतीच्या कडेने हळूहळू चालत गेले, खिडकीपर्यंत. मग परत फिरले आणि मध्येच थांबले. "इथे उचललंय." मी लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. म्हटलं, बरोबर आहे की. "जॉइंटवर ठेव." जॉइंटवर ठेवली. बुडबुडा हलला, केसभर.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली झोपलो. पट्टी सैल केली, वरून ते बोटाने ठक ठक वाजवत होते. "अजून. अजून थोडं. हां, थांब. आता आवळ."