तीन फुटांचा हिशेब

पुण्यात जन्मलेले गोल्फपटू अनिर्बन लाहिरी मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील प्लेयर्स चॅम्पियनशिप स्पर्धेत दुसरे आले. विजेत्या कॅमेरून स्मिथ यांना ३६ लाख डॉलर मिळाले; लाहिरी यांना २१ लाख ८० हजार. दोघांत अंतर अवघ्या एका फटक्याचे होते. त्या एका फटक्याचे मोल १४ लाख २० हजार डॉलर झाले.

गोल्फच्या हिशेबात अडीचशे यार्डांचा जोरकस फटका आणि खळग्यापाशी चेंडू हलकेच ढकलणे, या दोहोंची नोंद एकच फटका अशी होते. हलक्या फटक्यास ‘पट’ व त्यासाठी वापरायच्या दांड्यास ‘पटर’ म्हणतात. अठरा खळग्यांच्या मैदानाचे प्रमाण बहुधा ७२ फटक्यांचे असते आणि त्यांपैकी प्रत्येक खळग्यामागे दोन, म्हणजे ३६ पट गृहीत धरलेले असतात. निम्मा खर्च ज्या खात्यावर पडतो, त्याच खात्याकडे हौशी खेळाडूंचे दुर्लक्ष होते.

डग सँडर्स यांना हे दुर्लक्ष नव्हे, तर क्षणाची घाई भोवली. १९७० साली सेंट अँड्र्यूज येथील ओपन स्पर्धेत अखेरच्या खळग्यावर विजेतेपद त्यांच्यापासून जेमतेम तीन फुटांवर होते. मारण्याच्या पवित्र्यात असतानाच चेंडूच्या वाटेत काहीसे दिसले म्हणून ते वाकले. मात्र मागे सरून पुन्हा नव्याने उभे राहिले नाहीत. पट हुकला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत जॅक निकलस ७२ फटक्यांत जिंकले. सँडर्स यांना ७३ लागले. गोल्फमधील चार सर्वोच्च स्पर्धांपैकी एकही त्यांना पुढे कधी जिंकता आली नाही.

खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३. सपाट जागी तीन फुटांवरून दिशेत साधारण तीन अंशांची चूक खपते. सहा फुटांवर ती सवलत निम्मी होते. चेंडू वेगात असेल तर कडेला लागून बाहेर उसळतो, म्हणजे खळगा जणू लहान होतो. म्हणून दिशा आणि वेग दोन्ही हाती यावे लागतात.

डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत गोल्फचे मैदान आहे. परंतु या सरावास मैदानच हवे असे नाही. ठाणे-कल्याणच्या सदनिकेतील दिवाणखान्यात सपाट गालिचा अंथरावा, एका टोकास स्टीलचा पेला आडवा ठेवावा. चेंडूमागे पटरच्या पात्याहून किंचित रुंद अंतरावर दोन पुस्तके समांतर मांडावीत आणि पाते त्यांना न शिवता पुढे-मागे न्यावे. डोके स्थिर ठेवावे. चेंडू पेल्यात पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत नजर वर करू नये. तीन फुटांवरून सलग दहा चेंडू पेल्यात जाईपर्यंत थांबू नये. एक जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी.

या नियमातच सरावाचे सार आहे. पहिले सात चेंडू सहज जातात. आठव्यापासून हात आखडू लागतो, कारण आता गमावण्यासारखे काही जमलेले असते. सँडर्स यांच्यापुढे तोच क्षण उभा होता. मन विचलित झाल्यास मागे सरावे, एक श्वास घ्यावा आणि पुन्हा नव्याने उभे राहावे, ही सवयही याच सरावात लावून घ्यावी. दुकान बंद करून घरी आल्यावर रोज पंधरा मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत.