मेमरी महागली, पैसे नेमके कशाला मोजायचे?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून वाढलेल्या मागणीचे कारण देत मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती जगातील बहुतांश मेमरी-उत्पादन एकवटले आहे. त्यांची क्षमता सर्व्हरकडे वळू लागताच २०२५च्या उत्तरार्धात भाव भडकले. भंडारा-पवनी मार्गावरील अड्याळसारख्या गावात सातबारा आणि दाखल्यांची कामे करणाऱ्या केंद्रचालकालाही नवा संगणक घेताना याची झळ बसणार. म्हणूनच मेमरीच्या वेगाचा हिशेब समजून घेणे आवश्यक ठरते.

या वेगाला दोन बाजू आहेत. पवनी तालुक्यातील शेतकऱ्याला गोसेखुर्दच्या कालव्यावरून त्या सहज उमगतील. कालवा रुंद असेल तर एका वेळी पाणी अधिक येते. पण दार उघडल्यापासून पहिले पाणी बांधीत पोहोचायला लागणारा वेळ रुंदीने कमी होत नाही. मेमरीच्या बाबतीत कालव्याची रुंदी म्हणजे बँडविड्थ आणि पाण्याची वाट पाहणे म्हणजे लेटन्सी.

जाहिरातीत झळकतो तो आकडा पहिल्या बाजूचा. गेल्या दोन दशकांत त्याने मोठी झेप घेतली. डीडीआर-४०० मेमरीची एक पट्टी सेकंदाला ३.२ गिगाबाइट माहिती देऊ शके. डीडीआर५-६००० ची पट्टी ४८ गिगाबाइट देते. लेटन्सी मात्र जवळपास तिथेच राहिली. डीडीआर४-३२०० मध्ये 'सीएल १६' आणि डीडीआर५-६००० मध्ये 'सीएल ३०' असे लिहिलेले असले, तरी दोन्हींचा अर्थ १० नॅनोसेकंदच होतो. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंतची पूर्ण फेरी साधारणतः ७० ते १०० नॅनोसेकंदांची असते. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दोनशे ते तीनशे ठोके नुसता ताटकळतो. ही प्रतीक्षा टाळण्यासाठीच प्रोसेसरच्या पोटात 'कॅश' नावाचे छोटे कोठार असते.

मग पैसे कशासाठी मोजावेत? सर्वप्रथम क्षमतेसाठी. मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो. जुन्या हार्डडिस्कची प्रतीक्षा मेमरीच्या सुमारे एक लाख पट, तर एसएसडीची सुमारे हजार पट असते. ब्राउझर, स्कॅनर आणि प्रिंटर एकाच वेळी चालविणाऱ्या केंद्रात संगणक अडखळण्याचे हे एक प्रमुख कारण असते. दुसरे म्हणजे, मदरबोर्डवर दोन चॅनेलची सोय असल्यास एका मोठ्या पट्टीऐवजी समान क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवाव्यात. बँडविड्थ दुप्पट होते. वेगाच्या चढ्या आकड्याचा क्रमांक त्यानंतरचा. मदरबोर्डला तो वेग पेलत नसेल, तर पट्टी कमी वेगानेच चालते आणि जादा पैसे वाया जातात.

देशी पर्यायाची आशाही बेतानेच बाळगलेली बरी. मायक्रॉनने २०२३मध्ये गुजरातेतील साणंद येथे जाहीर केलेला प्रकल्प चिपची जुळणी आणि चाचणी करणारा आहे. मूळ चिप तेथे घडत नाही. त्यामुळे टंचाईची नाडी परदेशातील कारखान्यांच्याच हाती राहते. भाव ठरविणे अड्याळच्या ग्राहकाच्या हाती नाही. मात्र खोक्यावरील मोठा आकडा बाजूला ठेवून क्षमता किती आणि पट्ट्या किती, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारणे निश्चितच त्याच्या हाती आहे.