सेट बोलतो, पण एरियलचे काय?

नारळी पौर्णिमा जवळ आली की नाखवा इंजिन बघतो, जाळी दुरुस्त करतो. डोलकाठीवरच्या एरियलकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. सेटचा दिवा लागला की झाले!

मंडळी, इथेच घात होतो. सेट २५ वॅटचा असला, तरी एरियल त्याला नीट जुळली नसेल तर शक्ती मागे फिरते. हे एसडब्ल्यूआर मीटरवर कळते. आकडा १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परतते. ३ असेल तर तब्बल २५ टक्के.

पण निव्वळ सेटपाशी मोजून भागत नाही. खारे पाणी शिरलेली केबल जाणारी शक्ती गिळते, परतणारीही गिळते. मग मीटर चक्क चांगला आकडा दाखवते! म्हणून एरियलच्या बुडाशीही मीटर लावायला सांगा. तिथे निम्मे वॅटही पोचत नसतील, तर केबल बदला. चाचणी १६ नंबरच्या चॅनलवर नको. तो संकटातल्या हाकेसाठी आहे.

प्रत्येकाने मीटर घ्यावे असे नाही. सोसायटीने एक घेतले, तरी साऱ्या बंदराचे काम भागेल. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत तोवरच हे उरका. वादळात डोलकाठीवर कोण चढणार?