लिबलिबीत शिकारी

दोस्तांनो, कांदिवलीच्या बाजारात ओला बोंबील पाहिलाय ना? उचलला की लोंबतो! त्याच्या अंगात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि हाडंही मऊ. पण कोळीणमावशींना त्याचं तोंड उघडून दाखवायला सांगा. जबडा डोळ्यांच्या पार मागपर्यंत, दात आत वळलेले! सापडलेला जवळा सुटणार कसा? बोंबील स्वतःच्या जातीची पिल्लंही गिळतो.

गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो भरपूर. दक्षिणेकडे फारसा मिळत नाही, पुन्हा भेटतो तो थेट बंगालकडे.

आपल्याकडे डोल जाळ्यात त्याची बोटाएवढी पिल्लंही अडकतात. ती वाढलीच नाहीत, तर पुढचे बोंबील येणार कुठून? म्हणून आईबाबांना सांगा, मोठेच बोंबील घ्यायचे हं!